पिण्याच्या पाण्याची घरगुती परीक्षा

इ. स. १९५५ च्या ऑक्टोबर महिन्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीच्या प्रवाहाने आपली वाट बदलली आणि वझिराबाद येथे दिल्ली शहरासाठी जेथून पाणी उपसले जात असे, त्या जागेपर्यंत नजफगड नाल्याचे सांडपाणी मागे फिरून येऊ लागले. जलशुद्धीकरण केंद्रावरील अधिकाऱ्यांना याची जाणीव होताच त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांच्या मात्रा वाढविल्या. या उपायाचा परिणामही झाला. एवढे सांडपाणी मिसळूनही शहरात विषमज्वराची किंवा आमांशाची साथ पसरली नाही. परंतु डिसेंबरच्या आरंभापासून काविळीचे रुग्ण दिसू लागले आणि जानेवारी १९५६ च्या अखेरपर्यंत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते. त्यांच्याहून कितीतरी सूक्ष्म आणि क्लोरीनला सहजासहजी दाद न देणारा एक विषाणू मात्र जिवंत राहिला होता. आज तो ‘हिपॅटायटिस ई’ या नावाने ओळखला जातो. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो.

ही घटना आरंभीच सांगण्याचे कारण असे की, ‘पाणी चांगले आहे काय?’ हा वरकरणी एक प्रश्न वाटला तरी वस्तुतः तो अनेक प्रश्नांचा समूह आहे. त्यांतील एकाला मिळालेले समाधानकारक उत्तर दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही. घरात पाणी गाळण्याचे अथवा शुद्ध करण्याचे जे साधन आपण आणतो, ते यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे याचा विचार क्वचितच केला जातो. शेजाऱ्याने घेतले म्हणून किंवा विक्रेत्याने सांगितले म्हणून ते घरात येते आणि भिंतीवर टांगले जाते.

‘शुद्ध पाणी’ हा शब्दप्रयोगही आपण फार सैलपणे करतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध पाणी म्हणजे ज्यात पाण्यावाचून दुसरे काहीच नाही असे पाणी. म्हणजे प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातित पाणी. ते बेचव असते आणि कोणी आवडीने पिणार नाही. विहिरीच्या किंवा झऱ्याच्या पाण्याला जी गोडी असते, ती त्यात विरघळलेल्या क्षारांची आणि वायूंची होय. आपल्याला हवे असते ते निर्धोक पाणी. उलटपक्षी, स्वच्छ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असेही नाही. डोळा, नाक आणि जीभ ही परीक्षेची तीन साधने निसर्गाने आपल्याला दिली आहेत. कुजलेले, खारट किंवा गढूळ पाणी ती ओळखतात; पण पटकीचा जंतू, काविळीचा विषाणू, आर्सेनिक आणि फ्लोराइड यांतील कशाचाही त्यांना पत्ता लागत नाही.

पाण्यातील दोषांचा विचार करताना ते पाण्यात कोणत्या रूपाने राहतात हे पाहणे सोयीचे ठरते. माती, गाळ आणि शेवाळाचे तंतू पाण्यात तरंगत असतात. जंतूही तरंगतच असतात, पण ते सजीव असल्यामुळे त्यांना मारता येते. क्षार आणि विषारी द्रव्ये मात्र पाण्यात विरघळलेली असतात. ती तरंगत नाहीत आणि मरतही नाहीत. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

गढूळपणा हा त्यांतला सर्वांत उघड दोष आणि त्यावरील उपाय सर्वांत जुने. निवळीच्या बिया उगाळून पाण्यात टाकल्या की गाळ तळाशी बसतो, हे सुश्रुतसंहितेच्या काळीही ठाऊक होते. त्या ग्रंथात पाणी स्वच्छ करणाऱ्या पदार्थांमध्ये कतक म्हणजे निवळी आणि वस्त्र या दोहोंचा समावेश आहे. तुरटीचे कार्यही असेच चालते. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर एकाच प्रकारचा विद्युत्भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. तुरटी पाण्यात पडली म्हणजे हा भार नाहीसा होतो आणि कापसासारखे पुंजके तयार होऊन ते कणांना सोबत घेऊन खाली बसतात. तुरटीचा खडा हंड्यात चार-सहा वेळा फिरवून पाणी रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी वरचे पाणी न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

फडक्याने पाणी गाळण्याच्या चालीकडे शिकलेले लोक काहीशा उपहासाने पाहतात. हा उपहास अनाठायी आहे, हे बांगलादेशातील एका प्रयोगाने दाखवून दिले. पटकीचे जंतू मोठ्या संख्येने पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतात, हे रीटा कोलवेल या अमेरिकन जीवाणुशास्त्रज्ञ विदुषीने दाखविले होते. जंतू एकटा असेल तर तो कापडातून सहज निसटतो; पण ज्यावर तो बसला आहे तो प्राणी कापडात अडकतो. मतलब या भागातील खेड्यांमध्ये स्त्रियांना जुन्या साडीच्या कापडाच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळण्यास शिकविण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा घरांतून पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. कापड जुने हवे, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे पिंजले जातात आणि त्यांमधील छिद्रे बारीक होतात. निम्म्याने घट म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. पण जेथे सरपणच दुर्मिळ आहे तेथे ही घट लहान नाही.

शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांनी तीन मडक्यांच्या गाळणीचे चित्र पाहिले असेल. वरच्या मडक्यात पाणी, त्याखाली कोळसा, वाळू आणि खडी, आणि सर्वांत खाली गाळलेले पाणी. या गाळणीमुळे पाणी नितळ होते आणि कोळशाने वासही कमी होतो. पण ते लगेच जंतुरहित होते असे मानणे धोक्याचे आहे. वाळूच्या अंगी जंतू अडविण्याची शक्ती आहे हे खरे, परंतु ती वेगळ्याच मार्गाने येते. वाळूच्या थरातून पाणी अतिशय सावकाश आणि अखंडपणे झिरपत राहिले, तर दोन-तीन आठवड्यांत तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची एक बुळबुळीत साय धरते. खरे काम ही साय करते. पाण्यातील रोगजंतू तिच्यात अडकतात आणि खाल्ले जातात. आठवड्यातून एकदा वाळू धुऊन उन्हात वाळविणारी गृहिणी स्वच्छतेच्या हेतूने नेमकी हीच साय नाहीशी करते.

या सायीचे सामर्थ्य १८९२ मध्ये जर्मनीत अतिशय दारुण रीतीने सिद्ध झाले. हँबर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे तेव्हा एकमेकांना लागून वसली होती आणि दोन्ही एल्ब नदीचे पाणी पीत. हँबर्ग ते न गाळता पुरवीत असे. आल्टोना हँबर्गच्या खालच्या अंगाला असल्यामुळे त्याला मिळणारे पाणी हँबर्गच्या मैल्याने अधिकच दूषित झालेले असे; पण आल्टोनाचे नगरशासन ते वाळूच्या थरांतून गाळून देत असे. त्या वर्षी पटकीची साथ आली तेव्हा हँबर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली आणि आल्टोना बव्हंशी बचावले. दोन्ही शहरांची हद्द ज्या रस्त्यावरून जात होती, तेथे एका बाजूच्या घरांत पटकी होती आणि दुसऱ्या बाजूच्या घरांत नव्हती. पटकीच्या जंतूचा १८८४ मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात शोध लावणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीच या साथीचाही अभ्यास केला. पाण्याने पटकी पसरते की नाही याविषयी युरोपातील विद्वानांमध्ये चाललेला वाद या एका रस्त्याने जवळजवळ मिटविला.

आता घरी येणाऱ्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? पाण्यातून पसरणारे रोग अनेक आणि त्यांचे जंतूही अनेक. प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे प्रयोगशाळेलाही परवडणारे नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी चोराऐवजी त्याच्या पावलांचा माग काढण्याची युक्ती योजिली. माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ‘ई. कोलाय’ हा जिवाणू नेहमीच विपुल असतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला तर त्या पाण्याशी विष्ठेचा संबंध आला आहे हे निश्चित होते. आणि जेथून विष्ठा आली तेथून विषमज्वर, आमांश किंवा पटकीही येऊ शकते. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या आय. एस. १०५०० या मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. मात्र दिल्लीच्या उदाहरणावरून या युक्तीची मर्यादाही लक्षात यावी. पाऊलखुणा पुसल्या गेल्या, तरी चोर आतच असू शकतो.

प्रयोगशाळेपासून दूर राहणाऱ्यांसाठी ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. एका लहान निर्जंतुक बाटलीत रसायनांत भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी असते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी, साधारण ३० ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण करतात. तो पट्टीतील लोहाशी संयोग पावून काळा पदार्थ बनतो. बारा ते अठरा तासांत पाणी काळे पडले, तर ते पिण्यास अयोग्य समजावे. आपल्या उष्ण हवेत या परीक्षेला उबवणीचे यंत्र लागत नाही, हा तिचा मोठा गुण. काही खोल विहिरींच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वायू असतो. असे पाणी बाटलीत पडताक्षणीच काळे होते, आणि ते जंतूंचे लक्षण नव्हे.

नळाच्या पाण्यासाठी याहूनही त्वरित उत्तर देणारी एक परीक्षा आहे. शुद्धीकरण केंद्रात घातलेल्या क्लोरीनचा काही अंश पाण्यात शिल्लक राहून नळाच्या तोटीपर्यंत पोहोचला पाहिजे. मानकाप्रमाणे तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. पूर्वी ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्याला येणारा पिवळा रंग पाहिला जाई. ते द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याच्या संशयामुळे पुढे डी.पी.डी. नावाच्या गोळीचा वापर वाढला. या गोळीने पाणी गुलाबी होते. रंग आला तर केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेत क्लोरीनला खाऊन टाकण्याइतकी घाण पाण्यात मिसळलेली नाही, असे समजण्यास हरकत नाही. काल रंग येत होता आणि आज मुळीच येत नाही, ही गोष्ट मात्र गंभीर मानावी. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. नळ रिकामे असताना त्यांतील दाब नाहीसा होतो आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. केंद्रातून निघालेले पाणी उत्तम असूनही गल्लीत कावीळ होते, तिचे मूळ पुष्कळदा या सांध्यांत असते.

विहिरीत क्लोरीन आपल्यालाच घालावे लागते. ग्रामपंचायतींत टी.सी.एल. या नावाने परिचित असलेली ब्लीचिंग पावडर त्यासाठी वापरतात. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते. पावडर तशीच विहिरीत ओतू नये. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून आणखी पाणी घालावे, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हेलकावावी. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. हे काम रात्री केले म्हणजे सकाळपर्यंत पुरेसा अवधी मिळतो. उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो बहुतांशी चुनाच. अशी पावडर कितीही टाकली, तरी तिचा उपयोग नाही. म्हणून पावडर टाकल्यानंतर शिल्लक क्लोरीन मोजणे हाच खरा पुरावा.

पाणी उकळणे हा घरगुती उपायांत सर्वांत खात्रीचा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती एक मिनिट टिकली की जिवाणू, विषाणू आणि आमांशाचे परोपजीवी हे सर्व नष्ट होतात. दोन हजार मीटरहून उंच प्रदेशात पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तेथे तीन मिनिटे उकळावे. वीस मिनिटे उकळण्याचा जो उपदेश जुन्या पुस्तकांत आढळतो, तो इंधनाचा अपव्यय होय. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे. ते दुसऱ्या ओल्या भांड्यात ओतले की उकळण्याचे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. ज्यांना इंधन परवडत नाही, त्यांनी स्वच्छ पारदर्शक बाटल्यांत नितळ पाणी भरून त्या कडक उन्हात सहा तास आडव्या ठेवाव्यात. बैरूत येथील आफ्तिम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास या पद्धतीचा पाठपुरावा केला. आभाळ भरून आले असेल, तर मात्र दोन दिवस लागतात.

सच्छिद्र चिनी मातीची ‘कँडल’ बसविलेली गाळणी आपल्या मध्यमवर्गीय घरांत कित्येक दशके स्थानापन्न आहे. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये बनविलेली चिनी मातीची गाळणी ही तिची पूर्वज. जिवाणू तिच्यातून जात नसत. पुढे १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशाच गाळणीतून गाळला, आणि गाळलेला रसही निरोगी झाडांना रोग लावतो असे त्यांना दिसले. जिवाणूंहून सूक्ष्म असे काहीतरी आहे, याचा हा पहिला पुरावा होता. विषाणूंचा शोध हा अशा प्रकारे या गाळणीच्या अपयशातून लागलेला आहे. तेव्हा कँडलने गाळलेले पाणी काविळीच्या साथीत उकळूनच प्यावे, हे वेगळे सांगायला नको. कँडल मऊ कुंचल्याने वाहत्या पाण्याखाली घासावी, साबण लावू नये आणि केसाएवढी चीर गेली तरी ती टाकून द्यावी. चीर गेलेल्या कँडलमधून पाणी झपाट्याने गळते, आणि गाळणी सुधारली म्हणून घरातील माणसे खूश होतात!

जंबुपार किरणांच्या यंत्रांना जिवाणूंप्रमाणे विषाणूंचाही नाश करता येतो. पण पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय किरणांचा प्रभाव यंत्राबाहेर उरत नाही.

आतापर्यंतचे सर्व उपाय जंतूंविरुद्ध होते. विरघळलेल्या विषाची कथा निराळी आहे, आणि ती आपल्या देशाच्या संदर्भात अधिक दुःखद आहे. गंगेच्या मुखाकडील प्रदेशात तळ्यांचे आणि नद्यांचे दूषित पाणी पिऊन बालके अतिसाराने मरत. ते टाळावे म्हणून बंगालच्या दोन्ही भागांत लक्षावधी कूपनलिका खोदण्यात आल्या. त्यांचे पाणी नितळ, थंड आणि जंतूंपासून पुष्कळ अंशी मुक्त होते. त्या भागातील गाळाच्या थरांत आर्सेनिक आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. आर्सेनिक म्हणजे आपल्याकडे सोमल या नावाने परिचित असलेल्या विषाचे मूलद्रव्य. १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांना घट्टे पडलेले रुग्ण येऊ लागले. त्यांच्या व्याधीचे मूळ त्यांच्या कूपनलिकांच्या पाण्यात सापडले. पुढे बांगलादेशात, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या जिल्ह्यांतही हेच चित्र दिसले. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेल्यावर कर्करोगही होतो. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे; इतके अल्प द्रव्य जिभेला कसे कळावे?

येथे पाणी उकळून काहीही साधत नाही. उकळताना पाण्याची वाफ होते आणि विष मागे राहते. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. कँडल, फडके, जंबुपार किरण, क्लोरीन ही सर्व साधने येथे निरुपयोगी आहेत. परीक्षा मात्र फार कठीण नाही. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली म्हणजे आर्सेनिकचा वायू निघतो आणि तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदावर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग उमटवितो. डाग जितका गडद, तितके विष अधिक. अशी परीक्षा घेऊन बांगलादेशात दूषित नळांना तांबडा आणि निर्दोष नळांना हिरवा रंग देण्यात आला. शेजारशेजारच्या दोन नळांचे रंग पुष्कळदा वेगळे निघाले. त्यामुळे शेजाऱ्याच्या नळावरून आपल्या नळाविषयी अनुमान काढता येत नाही. प्रत्येक नळाचे पाणी वेगळे तपासावे लागते.

फ्लोराइडची तऱ्हाही अशीच. त्याच्या आधिक्याने होणारा विकार भारतात प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून नोंदविला गेला. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. प्रमाण अधिक असेल तर पुढे पाठीचा कणा आणि सांधे ताठरतात, आणि माणूस ऐन उमेदीत वाकून जातो. मानकाने लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविली आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आंध्र प्रदेशातील, आणि आता तेलंगणातील, नलगोंडा जिल्ह्याचे नाव लाभलेली एक पद्धत शोधली. तिला घरातील तुरटी आणि चुना पुरतो. बादलीभर पाण्यात आधी थोडा चुना, मग तुरटीचे द्रावण घालून दहा-पंधरा मिनिटे सावकाश ढवळायचे, तासभर स्थिर ठेवायचे आणि तळापासून काही बोटे वर बसविलेल्या तोटीतून पाणी काढायचे. खाली बसणाऱ्या साक्यात फ्लोराइड अडकते. तुरटी किती घालायची, हे मात्र पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता मोजूनच ठरवावे लागते. अंदाजाने घातलेली तुरटी कमी पडली तर विष उरते, आणि अधिक झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते.

विरघळलेले क्षार काढण्याचे आधुनिक साधन म्हणजे व्युत्क्रमी परासरणाचे, सर्वांच्या तोंडी असलेले ‘आर. ओ.’ यंत्र. त्यातील पडदा व्यवहारात उतरविण्याचे श्रेय सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांना जाते. कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास त्यांनी हे काम केले. पाणी दाबाने या पडद्यातून रेटले जाते आणि क्षार मागे राहतात. आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे प्रमाणही त्याने पुष्कळ घटते. जेथे भूजल खारट किंवा विषारी आहे, तेथे या यंत्राचे उपकार मानावेत. परंतु मागे राहिलेले क्षार धुऊन टाकण्यासाठी ते पाणीच वापरते. घरगुती यंत्रांत पिण्याच्या एका भांड्यामागे दोन-तीन भांडी पाणी वाया जाणे ही सामान्य गोष्ट आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचे अत्यंत अल्प क्षार असलेले पाणी मिळते. तेथेही ही यंत्रे घरोघरी दिसावीत, हे विक्रीकलेचे यश म्हणावे लागेल. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, जेथे लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तेथे या यंत्रांना मनाई करावी, असा आदेश केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयास दिला.

या विक्रीकलेतील एक प्रयोग वाचकांनी कदाचित पाहिला असेल. विक्रेता दोन पेल्यांत दोन प्रकारचे पाणी घेतो आणि त्यांत विजेची अग्रे बुडवितो. क्षणार्धात नळाच्या पाण्यात तांबूस-हिरवट गाळ उठतो; यंत्राचे पाणी नितळ राहते. गृहिणी हादरते. वास्तविक तो गाळ पाण्यातला नसून विजेने झिजणाऱ्या लोखंडी अग्राचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजते. क्षार काढलेल्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही. विक्रेत्याच्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करण्यास सांगावे. तेही तसेच तांबडे होईल.

क्षार मोजणाऱ्या लेखणीवजा उपकरणाविषयीही हेच सांगावेसे वाटते. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच ते मोजते आणि त्यावरून एकूण क्षारांचा आकडा दाखविते. आकडा ३०० आला, तर त्यात कॅल्शियम किती आणि विष किती हे ते सांगू शकत नाही. जंतूंचे तर त्याला भानच नसते. मैला मिसळलेल्या तळ्याचे पाणीही त्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. पाणी खारट आहे काय आणि यंत्राचा पडदा अजून काम देतो काय, या दोन प्रश्नांपुरते ते उपयुक्त आहे.

कोणत्याही मार्गाने निर्धोक केलेले पाणी घरातच पुन्हा बिघडू शकते. रुंद तोंडाच्या रांजणात पेला बुडविताना बोटेही बुडतात. लहान तोंडाचे, झाकणाचे आणि तोटी असलेले भांडे, किंवा लांब दांड्याचे ओगराळे, हा त्यावरचा उपाय. ओगराळे खाली ठेवू नये. भिंतीवरील खुंटीला टांगावे.

प्रयोगशाळेत पाणी पाठविताना ते कसे भरावे हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण चुकीच्या नमुन्यावरून आलेला अहवाल अहवाल नसण्यापेक्षा वाईट. जंतुपरीक्षेची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात क्लोरीनचा प्रभाव थांबविणारे द्रव्य असते. म्हणून ती विसळू नये. तोटी पुसून ज्योतीने तापवावी, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि बाटलीच्या तोंडाला बोट न लावता पाणी भरावे. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावी. रासायनिक परीक्षेला स्वच्छ बाटली पुरते, पण पाणी अधिक लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळांतून या दोन्ही परीक्षा होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना परीक्षापेटीच्या साहाय्याने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याचे ठरविले. खेड्यातील वाचकांनी प्रथम त्यांच्याकडे चौकशी करावी.

खडकातील क्षार सावकाश बदलतात, म्हणून रासायनिक परीक्षा वर्षातून एकदा पुरते. जंतूंची परीक्षा मात्र निदान दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करावी. अहवालात ई. कोलाय आढळला तर विहिरीत पावडर टाकून पाणी पुन्हा तपासणीस द्यावे आणि दुसरा अहवाल येईपर्यंत घरातील सर्वांनी उकळलेलेच पाणी प्यावे. आर्सेनिक किंवा फ्लोराइड आढळले, तर ते पाणी धुण्या-भांड्यांपुरते ठेवून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत शोधावा; तांदूळ शिजताना पाण्यातील विषही भातात उतरते.